फ्लॅटच्या रिनोव्हेशनची कोटेशनं: तुलना करायची ती कशी

तीन कोटेशनं मागवायची, प्रत्येकाच्या शेवटच्या पानावरचा आकडा बघायचा आणि 'मधला बरा' म्हणून कामाला लावायचा. सोसायटीतल्या दहापैकी आठ घरांत हे असंच चालतं. मग काम निम्म्यावर आलं की 'साहेब, हे आपल्या कोटेशनमध्ये नव्हतं' सुरू होतं, आणि स्वस्त ठेकेदार महागाच्याही वर जाऊन बसतो. ठेकेदाराची लबाडी दरवेळी असतेच असं नाही. बहुतेकदा तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव दिलेले असतात आणि आपण ते एकाच कामाचे समजून शेजारी ठेवतो.

खालची पद्धत शहरातल्या जुन्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी लिहिली आहे: दोन्ही बाथरूम नवी, किचन ओटा आणि ट्रॉल्या, थोडं सुतारकाम, वायरिंग, रंग. काम लहान असलं तरी क्रम हाच ठेवा. पायऱ्या उलटसुलट केल्या तर पुढचं सगळं वाया जातं, विशेषतः पहिली पायरी गाळली तर.

1. ठेकेदाराला बोलावण्याआधी कामाची यादी लिहा

'बाथरूम नवं करायचंय' ही यादी नव्हे. एकेका खोलीसमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा: काय तोडायचं, काय तसंच ठेवायचं, नवं काय बसवायचं आणि ते कोण आणणार. बाथरूमची नोंद साधारण अशी हवी:

- जुन्या टाइल्स, गिलावा आणि कोबा स्लॅबपर्यंत काढणे. राडारोडा गोण्यांत भरून आवाराबाहेर नेणे.
- पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या सगळ्या लाइन बदलणे.
- ब्रिकबॅट कोब्यासह (विटांच्या तुकड्यांचा थर) वॉटरप्रूफिंग, त्यानंतर पाणी तुंबवून चाचणी.
- भिंतीला 7 फुटांपर्यंत टाइल्स, खाली अँटिस्किड टाइल्स.
- नळ, शॉवर, कमोड, बेसिन मालक आणणार. बसवणं ठेकेदाराकडे.
- गिझरचा पॉइंट, एक्झॉस्टचा पॉइंट, आरशावर एक लाइट.

सोबत हाताने काढलेला नकाशा द्या. स्केलमध्ये नसला तरी चालेल, पण प्रत्येक भिंतीची लांबी आणि उंची त्यावर हवी. विजेचे पॉइंट त्याच नकाशावर टिंबं देऊन मोजून ठेवा. ठेकेदार 'पॉइंटप्रमाणे' भाव देतो आणि पॉइंट किती, यावर नंतर हमखास वाद होतो.

सोसायटीच्या ऑफिसातून नियमही आत्ताच लिहून आणा: कामाची वेळ, दुपारची बंदी, सामानासाठी लिफ्ट मिळते का, डिपॉझिट किती. चौथ्या मजल्यावर सिमेंट-वाळू जिन्याने चढवायची असेल तर मजुरी वाढते. हे भाव देण्याआधी सांगितलं नाही तर ती मजुरी नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून समोर येते.

> सावध: कॉलम, बीम किंवा बाल्कनीची भिंत यांना हात लावायचा विचार असेल तर तो प्रश्न ठेकेदाराचा नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर, मग सोसायटी आणि महापालिकेची परवानगी. 'ही भिंत काढू, काही होत नाही' असं जो ठेकेदार जागेवर उभ्या उभ्या म्हणतो, त्याचं कोटेशन मागवूच नका.

2. तिघांना तीच यादी द्या आणि जागेवर बोलवा

तीन पुरेत. पाच-सहा मागवली की घोळ वाढतो आणि कोणीच मनावर घेऊन माप काढत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून आलेलं कोटेशन तुलनेत धरू नका, तो अंदाज असतो.

जागेवर आलेला माणूस काय करतो याकडे नीट लक्ष द्या. त्याने टेप काढली का? खालच्या मजल्यावर गळती आहे का, असं विचारलं का? जुनं मीटर, मेन स्विच, डक्ट उघडून बघितला का? जो फक्त हॉलमध्ये बसून चहा पितो आणि 'होऊन जाईल' म्हणतो, त्याचा आकडा कमी येतो, कारण त्याने काम बघितलेलंच नसतं.

बजेट सांगावं की नाही, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं मत: आकडा सांगू नका, दर्जा सांगा. 'टाइलचा बेसिक रेट, म्हणजे नुसत्या टाइलचा भाव, 70 रुपये चौरस फूट धरा, ओट्याला काळा ग्रॅनाइट, किचनला मरीन (पाणी सोसणारा) प्लाय.' आकडा सांगितला की तिघांचीही कोटेशनं त्या आकड्याच्या आसपास येऊन थांबतात आणि तुलना करायला काही उरत नाही. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवणं तर टाळाच.

3. कोटेशनचा साचा तुम्हीच ठरवा

प्रत्येक ठेकेदार आपल्या सवयीने लिहितो. एक लमसम (सगळ्याची मिळून ठोक रक्कम) देतो, एक ब्रासमध्ये, एक रनिंग फुटात (नुसत्या लांबीवर). म्हणून कोरा तक्ता तुम्हीच द्या. रकाने असे: काम, एकक, परिमाण, दर, रक्कम, मालाची कंपनी आणि ग्रेड, काय धरलेलं नाही.

एककांची गल्लत कुठे होते ते पाहा.

ब्रास: क्षेत्रफळाला 1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, वाळू-खडीला 100 घनफूट. गिलाव्याचा भाव ब्रासवर आला तर 100 ने भागून फुटावर आणा. चौरस मीटरमध्ये आला तर 10.76 ने भागा.

पॉइंट: यात वायर, पाइप, भिंतीला झिरी मारणं, ती भरणं आणि स्विच-प्लेट यांतलं काय काय आहे? एकाच्या पॉइंटमध्ये सगळं असतं, दुसऱ्याच्या पॉइंटमध्ये फक्त मजुरी. 6 अँपिअरचा आणि 16 अँपिअरचा पॉइंट वेगळे लिहून घ्या.

सुतारकाम: कपाटाचा भाव समोरच्या क्षेत्रफळावर असतो. 6 फूट रुंद आणि 7 फूट उंच कपाट म्हणजे 42 चौरस फूट. वरचा 2 फुटांचा माळा त्यात नसेल तर आणखी 12. आतले ड्रॉवर, आरसा, हँडल, चॅनेल धरले आहेत का ते विचारा. ट्रॉल्यांचा भाव रनिंग फुटावर आला तर बास्केट आणि बिजागरी कोणाच्या, हे आधी स्पष्ट करून घ्या.

> तपासा: 'लमसम' लिहिलेली ओळ दिसली की परत पाठवा. लमसम चालतं ते तोडफोड, राडारोडा, साफसफाई अशा किरकोळ कामांना. टाइल्स, गिलावा, रंग, प्लाय यांना परिमाण आणि दर हवेच, नाहीतर काम कमी झालं तरी पैसे कमी होणार नाहीत.

4. मापं स्वतः काढा

बहुतेक लोक इथे थांबतात, कारण गणित आहे म्हणून. पण तुलनेतला सगळ्यात मोठा फरक इथेच सापडतो.

5 फूट बाय 7 फुटांचं एक बाथरूम घ्या. चारही भिंतींची मिळून लांबी 24 फूट. टाइल्स 7 फुटांपर्यंत, म्हणजे 168 चौरस फूट. अडीच फूट रुंद आणि 7 फूट उंच दरवाजाचे 17.5 वजा, 2 बाय दीडच्या झरोक्याचे 3 वजा. राहिले 147.5. खालची फरशी 35. एकूण 182.5 चौरस फूट. मजुरी या आकड्यावर. टाइल्स मात्र काटछाट धरून साधारण 10 टक्के जास्त मागवायच्या, म्हणजे 200 च्या आसपास.

आता कोटेशनमध्ये 227 दिसले तर? भिंत 8 फूट धरली आहे आणि दरवाजा-झरोका वजा केलेला नाही. दर कितीही कमी असो, परिमाणात ते वसूल झालं. असा फरक दोन बाथरूम, किचन आणि सगळ्या घराच्या रंगात मिळून भरपूर होतो.

टाइल्स खोक्याने मिळतात, तिथेही बघा. 600 बाय 600 मिलिमीटरच्या चार टाइल्सचं खोकं 1.44 चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट भरतं. बोलताना सगळे '2 बाय 2' म्हणून 16 धरतात. हॉलच्या फरशीत हा अर्धा फूट दर खोक्याला मोजावा लागतो.

वजाबाकीचा नियम मात्र ठेकेदाराशी बोलून ठरवा, कारण तो दरवेळी चुकलेलाच असतो असं नाही. गिलावा मोजण्याच्या भारतीय मानकात (आयएस 1200) अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे साधारण 5.4 चौरस फुटांपर्यंतचा, झरोका वजा करत नाहीत. त्याच्या कडा गिलावायलाही मेहनत लागते, म्हणून. त्यापेक्षा मोठ्या उघड्या जागांचा हिशेब वेगळा होतो. तिघांनी एकच पद्धत वापरणं महत्त्वाचं, ती कोणती हे त्यानंतर.

रंगाऱ्यांची आणखी एक सवय आहे: कार्पेट एरियाला साडेतीनने गुणायचं आणि तेवढे फूट रंग सांगायचा. झटपट अंदाजाला ठीक. पैसे मात्र भिंत मोजूनच द्या.

5. तिन्ही आकडे एका पातळीवर आणा

वरच्याच बाथरूमची तीन कोटेशनं समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. नळ आणि कमोड तिघांतही मालकाचे.

- अ: 1,65,000. टाइलचा बेसिक रेट 45 धरलेला, राडारोडा धरलेला नाही, जीएसटी वेगळा.
- ब: 2,10,000. टाइल 70 ची, राडारोडा आणि जीएसटी सगळं आत.
- क: 1,40,000. टाइल्स मालकाच्या. वॉटरप्रूफिंग, विजेचं काम आणि राडारोडा नाही. जीएसटी नोंदणी नाही.

कागदावर अ आणि ब यांच्यात 45,000 चा, क आणि ब यांच्यात 70,000 चा फरक. आता प्रत्येकाने न धरलेलं त्याच्या आकड्यात घाला.

अ: टाइलच्या फरकाचे 25 रुपये गुणिले 200 फूट, म्हणजे 5,000. राडारोडा 8,000. त्याच्या मूळ रकमेवर 18 टक्के जीएसटी 29,700. एकूण 2,07,700.

क: टाइल्स 14,000, वॉटरप्रूफिंग 22,000, विजेचं काम 9,000, राडारोडा 8,000. एकूण 1,93,000.

ब: 2,10,000, जसाच्या तसा.

अ स्वस्त नव्हताच, त्याच्यात आणि ब मध्ये 2,300 चा फरक उरला. क 17,000 ने कमी आहे, पण वॉटरप्रूफिंगवाला वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, टाइल्सची खरेदी तुमची. पुढे गळती झाली तर तो वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवणार आणि वॉटरप्रूफिंगवाला प्लंबरकडे. रोज साइटवर उभं राहायला वेळ असेल तर क परवडतो. नोकरी करून, संध्याकाळी सातला घरी येऊन बघणार असाल तर मी 17,000 जास्त देऊन ब कडे जाईन.

> तपासा: जीएसटी 'एक्स्ट्रा' लिहिला असेल तर नोंदणी क्रमांक मागा. तो 15 अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. नोंदणी नसलेला माणूस जीएसटी लावू शकत नाही.

6. कंपनी आणि ग्रेड जुळवा

'चांगल्या कंपनीचा माल' आणि 'अमुक कंपनी किंवा तत्सम' हे दोन शब्दप्रयोग कोटेशनमधून खोडायला लावा. 'तत्सम' कोण ठरवणार, हा प्रश्न माल साइटवर आल्यावर विचारून उपयोग नसतो.

प्लायमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते, कारण सनमाईका लागला की आत काय आहे ते दिसत नाही. सिंकखालच्या आणि ओट्याखालच्या खोक्यांना आयएस 710 चा मरीन प्लाय लिहून घ्या. बेडरूमच्या कपाटाला साधा एमआर (ओलाव्यापुरता टिकणारा) चालतो, तिथे मरीनचा हट्ट धरून पैसे घालवू नका. जाडीही लिहा: खोकं आणि दारं 18 मिलिमीटर, पाठ 6 किंवा 8. एकाने पाठीला 6 आणि दुसऱ्याने 12 धरली असेल तर फुटाचा भाव वेगळा येणारच. कपाटाला आतून सनमाईका की नुसता रंग, हेही विचारा. माल आला की प्रत्येक पाटीवरचा आयएसआय शिक्का कापायच्या आधी बघा, फोटो काढून ठेवा.

वायरला जाडी मागा. साधारण चालणारा हिशेब असा: लाइटला 1.5 चौरस मिलिमीटर, प्लगला 2.5, एसी आणि गिझरला 4. जुन्या घरात वायरिंग बदलतच आहात तर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) धरली आहे का ते पाहा. अनेक कोटेशनांत ती नसते आणि शॉक लागण्यापासून वाचवणारी तीच वस्तू आहे. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप लिहिलेला हवा, नुसतं 'पीव्हीसी' नको.

रंगाला कंपनीच्या नावाबरोबर प्रकार आणि हात लिहून घ्या: पुट्टीचे दोन हात, प्रायमर एक, रंगाचे दोन. 'रॉयल फिनिश' वगैरे शब्दांना अर्थ नाही, डब्यावरचं नेमकं नाव हवं.

वॉटरप्रूफिंगचं कलम सगळ्यात नीट वाचा. 'केमिकल वॉटरप्रूफिंग' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा: कोबा धरला आहे का, भिंतीला किती उंचीपर्यंत, पाइपच्या तोंडाशी काय करणार आणि चाचणी कधी. चाचणी टाइल्स लावायच्या आधी हवी. ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून पाणी भरायचं, 48 तास तसंच ठेवायचं आणि खालच्या घरातलं छत जाऊन बघायचं. खालच्या काकूंना आधी कल्पना द्या, दार उघडं मिळेल.

> सावध: 'दहा वर्षांची गॅरंटी' तोंडी असेल तर ती धरू नका. लेखी असेल तर एवढं वाचा: गळती झाली तर टाइल्स फोडून परत लावायचा खर्च कोणाचा. बहुतेक गॅरंट्या केमिकल परत मारून देण्यापुरत्या असतात.

7. दिवस आणि माणसं तुलनेत घ्या

किती दिवसांत, हे प्रत्येकाने लिहिलेलं असतं. कोणत्या दिवसांत, हे तुम्ही विचारा. सुतार आणि रंगारी होळीला आणि दिवाळी-छठपूजेला गावी जातात, दिवाळीआधी रंगाऱ्यांना उसंत नसते, भर पावसाळ्यात भिंती सुकत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सुरू करून 'दिवाळीपर्यंत देतो' म्हणणाऱ्याला त्याची किती कामं चालू आहेत ते विचारा. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायचं असतं. एवढे दिवसही ज्याच्या वेळापत्रकात नाहीत, त्याने एकतर ते लिहिताना विचार केलेला नाही किंवा पाणी मारणारच नाही.

त्याची दोन कामं बघून या: एक चालू असलेलं, एक दोन पावसाळे झालेलं. नवंकोरं काम सगळ्यांचंच छान दिसतं. जुन्या कामात बाथरूमच्या पलीकडची भिंत बघा, तिथे ओल किंवा पोपडे असतील तर पुढे काही विचारायची गरज नाही.

8. घासाघीस शेवटी, आणि ओळीवर

'एकूण किती कमी करता?' असं विचारलं की ठेकेदार पाच-दहा हजार सोडतो आणि ते मालात काढतो. त्याऐवजी ओळ धरून बोला. टाइल्स लावायचा दर बाकी दोघांपेक्षा जास्त का? इथे माप 227 आहे, माझं 182.5 येतंय, एकत्र मोजू या. अशी घासाघीस झाली की दर्जा खाली जात नाही.

एखाद्या ओळीचा दर बाकी दोघांच्या निम्मा असेल तर खूश होऊ नका. त्याला काम कळलेलं नाही, किंवा ती ओळ तो नंतर 'एक्स्ट्रा'त काढणार आहे. फोन करून विचारा: 'यात काय काय धरलंय?' बऱ्याचदा तो स्वतःच चूक सुधारतो आणि आकडा वर येतो. तुलनेत तोच सुधारलेला आकडा घ्या.

9. पैशाचे टप्पे आणि कामाचा कागद

दोन कोटेशनं सारखी आली तर टप्पे निर्णय देतात. निम्मी उचल मागणारा आणि 15 टक्के मागणारा यांच्यात दुसरा घ्या, तो थोडा महाग असला तरी. टप्पे तारखेला नकोत, झालेल्या कामाला हवेत. उदाहरणार्थ: सुरुवातीला 15 टक्के, तोडफोड होऊन राडारोडा गेल्यावर 15, पाणी तुंबवण्याची चाचणी पास झाल्यावर 20, टाइल्स आणि ओटा झाल्यावर 20, सुतारकामानंतर 20. उरलेले 10 टक्के किरकोळ दुरुस्त्यांची यादी पुरी होऊन सगळे नळ, ट्रॅप आणि पॉइंट चालवून बघितल्यावर.

मग दोन पानांचा कागद करा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्यात मान्य झालेला दरांचा तक्ता, मालाची यादी, टप्पे, सुरू करायची आणि संपवायची तारीख. शिवाय या तीन ओळी:

- वाढीव काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू करायचं नाही. व्हॉट्सअॅपवरचा होकार चालेल.
- लिफ्ट, लॉबी किंवा शेजाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई ठेकेदाराची. सोसायटीने डिपॉझिटमधून कापलं तर ते त्याच्या बिलातून वजा.
- शेवटचं बिल जागेवर एकत्र मोजलेल्या मापावर, कोटेशनमधल्या अंदाजी मापावर नाही.

तिसऱ्या ओळीला जो ठेकेदार का-कू करतो, त्याची मापं परत एकदा तपासा.